रोबॉट्स डॉट टीएक्सटीवर अजून भरवसा ठेवायचा का?

खडूस_वेबमास्टर: मत आधीच सांगतो, मग हवं तेवढं झोडपा. बॉट (साइट आपोआप वाचत फिरणारे प्रोग्राम) आवरायला रोबॉट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे त्यांनी कुठे जायचं नाही ते सांगणारी साइटवरची फाइल, आता कुचकामी आहे. १९९४ साली मार्टाइन कॉस्टर यांनी ही पद्धत सुचवली तेव्हा बॉट मोजके होते. आज ज्याला ऐकायचं नाही तो ऐकत नाही. उलट डिसअलाऊच्या (‘इथे येऊ नका’) यादीत ‘/ॲडमिन’ लिहून साइट चालवायच्या पानाचा पत्ता आपणच देतो. २०२२ च्या आरएफसी ९३०९ या इंटरनेट मानकातही स्पष्ट लिहिलंय की हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी ठरवणारी व्यवस्था नव्हे.

लॉगवाचक: ॲडमिनला पासवर्ड लावा की! ते या फाइलचं कामच नाही. विक्रीच्या साइटवर रंग, साइज, किंमत असे फिल्टर असले की एका यादीच्या हजारो यूआरएल होतात आणि गूगलबॉट त्यातच फिरत बसतो. यूआरएलमधल्या त्या फिल्टर पॅरामीटरच्या डिसअलाऊ ओळी टाकल्या की ते थांबतं. गूगल, बिंग पाळतात, मला तेवढं पुरे.

मधलीओळ: पण सर्च रिझल्टमधून पान काढायला डिसअलाऊ वापरू नका. बाहेरून लिंक असेल तर नुसती यूआरएल, वर्णनाशिवाय, तरी दिसू शकते. त्यासाठी पानात नोइंडेक्स (‘रिझल्टमध्ये दाखवू नका’ ही खूण), पीडीएफला तीच खूण सर्व्हरच्या उत्तरातून देणारं एक्स-रोबॉट्स-टॅग हेडर. डिसअलाऊ आणि नोइंडेक्स दोन्ही एकदम लावलं तर बॉट पान उघडतच नाही, मग नोइंडेक्स वाचणार कोण?

खडूस_वेबमास्टर: म्हणजे ‘दाखवू नकोस’ सांगायला आधी आत घ्यायचं! आणि क्रॉल-डिले, ‘दोन भेटींमध्ये जरा थांब’ सांगणारी ओळ? गूगल त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

लॉगवाचक: सर्व्हर गुदमरत असेल तर ५०३ किंवा ४२९ (‘आत्ता जमत नाही’, ‘फार विनंत्या आल्या’ असे एरर कोड) द्या, गूगलबॉट वेग कमी करतो. मात्र थोडा वेळच; दिवसेंदिवस तसंच ठेवलं तर पानं इंडेक्समधून (गूगलच्या शोधयादीतून) गळतात. आणि खुद्द रोबॉट्स फाइलवर ५०३ जाऊ देऊ नका, गूगल आधी सगळी साइटच बंद धरतो. ४०४ (‘फाइलच नाही’) आला तर उलट, सगळं खुलं.

मधलीओळ: एआयचं वेगळं. ‘गूगल-एक्स्टेंडेड’ला (आपला मजकूर गूगलच्या एआयला वापरू द्यायचा का, ते ठरवायचं नाव) मनाई केली तरी सर्चमधल्या स्थानावर परिणाम होत नाही. हा पर्याय २०२३ पासून आहे आणि तो याच फाइलमधून चालतो, खडूसराव.

खडूस_वेबमास्टर: चालतो तो पाळणाऱ्यांपुरता. माझ्या लॉगमध्ये ‘गूगलबॉट’ नाव लावून येणारे तोतयेच जास्त. त्यांना अडवायला फायरवॉलच हवी.

लॉगवाचक: लावा, पण युजर एजंट (बॉट स्वतःचं सांगतो ते नाव) बघून नको. आयपीचं (येणाऱ्याच्या इंटरनेट पत्त्याचं) रिव्हर्स डीएनएस, म्हणजे त्या पत्त्यामागचं नाव, काढा, नाव गूगलच्या डोमेनचं आहे का बघा, मग त्या नावावरून परत तोच आयपी येतो का तपासा. नाहीतर तोतयांसोबत खऱ्यालाही हाकलाल.