शनिवारचा एक तास मिळालाय, दहावीच्या मुलांसाठी काय करू?

विज्ञान_मास्तर: जव्हार तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. दहावीत ३१ मुलं, बहुतेक वारली आणि कोकणा. दहावीपर्यंत पोचलेली घरातली पहिलीच. "पुढे काय?" विचारलं की पोलीस भरती, नर्सिंग, आयटीआय, एवढंच. शनिवारचा शेवटचा तास करिअर मार्गदर्शनाला मिळालाय. बाहेरचे वक्ते बोलावू का?

सह्याद्री७: एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात.

विज्ञान_मास्तर: ती परीक्षा आठवीत असते, आणि सरकारी निवासी शाळेतली मुलं तिला बसू शकत नाहीत.

रानजाई: सर, वक्ते नकोत. मी आश्रमशाळेतच शिकले, आज नाशिकला फार्मासिस्ट आहे. आमच्याकडेही वक्ते यायचे, टाळ्या वाजवायचो. अडलं ते दोन ठिकाणी.

पहिलं, अकरावी सायन्स. सगळं इंग्रजीतून. सर फळ्यावर 'इनर्शिया' लिहून पुढे गेले, मी तास संपेपर्यंत घाबरून बसले. रात्री कळलं, हे तर आपलं जडत्व! नववीत मला त्यात पैकीच्या पैकी होते. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात मराठी शब्दाशेजारी कंसात इंग्रजी शब्द असतो, तो कुणी वाचूनच घेत नाही. तुम्ही घ्या. दर शनिवारी वीस शब्द, मोठ्याने, स्पेलिंगसकट. एवढं केलंत तरी अकरावीत गळणारी दोन-चार मुलं टिकतील, मला खात्री आहे.

दुसरं, जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. सीईटीत मार्क चांगले पडले, पण मुदतीत वैधता प्रमाणपत्र हातात नव्हतं. राखीव जागा गेली. खुल्या गटाची फी परवडणारी नव्हती, ते वर्ष घरी भातलावणीत गेलं. अजून आठवलं की पोटात तुटतं. वडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' होतं, आजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी तहसील कचेरीत कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मिळाली: आजोबांच्या जन्माची एक ओळ, पणजोबांच्या नावापुढे जात. तीही मोडी लिपीत. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा सगळ्यात जड धरतात. अर्ज अकरावी-बारावी सायन्सला असताना कॉलेजमार्फत करता येतो, पण शोधाशोध दहावीतच सुरू करा. प्रत्येकाची वंशावळ वहीत काढून घ्या.

पाडा_ते_पुणे: रानजाईताईंशी सहमत. त्यात स्वयम योजना जोडा. बारावीनंतर आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर जेवण-खोलीचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते आत्ताच बघा.

विज्ञान_मास्तर: ताई, आज वंशावळ काढायला घेतली. ३१ पैकी ९ जणांना पणजोबांचं नाव माहीत नाही. सोमवारी पालक येणार आहेत, म्हाताऱ्यांनाही आणा म्हणून सांगितलंय. मोडी वाचणारं कुणी आहे का इथे?

बखर: मी वाचतो. नकलेचा फोटो दिवसाउजेडी, पान सपाट ठेवून काढा. समितीपुढे मात्र लिप्यंतरकाराच्या सही-शिक्क्याचीच प्रत लागेल.