अनुभव धागा : गरोदरपणात तुम्हाला नीट कोणी सांगितलं का?

मी नाशिकमध्ये आशा म्हणून काम करते. परवा वस्तीतल्या एका ताईंच्या घरी रक्तवाढीच्या गोळ्यांची पाच पाकिटं पिठाच्या डब्यामागे तशीच सापडली. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, असं मीच सांगितलं होतं. संडासला काळं झालं म्हणून घाबरून त्यांनी बंद केल्या. काळं होतं, त्यात भ्यायचं नाही, हे मी सांगितलंच नव्हतं. फार लागलं मनाला. तुम्हाला काय कळलं नाही, कशामुळे? मोकळेपणानं लिहा.

सातपूर
मी अंबडला कंपनीत पॅकिंगला होते, रोजंदारीवर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, हे सातव्या महिन्यात कळलं, तेही रिक्षात शेजारी बसलेल्या बाईकडून. खाडा करून गेले. रांगेत चार तास, आत दोन मिनिटं. "एचबी नऊ आहे, खाणं सुधारा." काय खाऊ, विचारेपर्यंत पुढचीला हाक मारली.

पंचवटी
घरात फोन एकच, तो यांच्याकडे. दवाखान्याचे मेसेज त्यावर यायचे. सोनोग्राफीची तारीख उलटून गेल्यावर मला समजलं.

पेठ
माझी बहीण दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला गेली होती, आठवा महिना. आम्ही घरी कोकणी, म्हणजे कोकणा आदिवासींची बोली, बोलतो, ती दुसरी शिकलेली. गरोदरपणाच्या कार्डावरचं तिला वाचता येत नाही. नाव गावच्या आशाताईंकडे, राहणं मळ्यात. तिथं विचारलं तर, "तुमचं नाव आमच्या यादीत नाही." पाय सुजले, डोकं ठणकायचं, डोळ्यापुढं अंधारी. मुकादम म्हणाला, ऊन लागलं. बीपी होतं ते. १०२ ला फोन केला की गाडी फुकट येते, हे मळ्यात एकालाही ठाऊक नव्हतं. रात्री पिकअप ठरवली, बाराशे रुपये. दोघं वाचली. ते बाराशे छाटणीच्या हिशोबातून कापले.

सिडको
पहिल्या बाळाला सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५००० मिळतात. माझं आधार माहेरच्या नावाचं, पासबुक सासरच्या. तीन हेलपाटे झाले, प्रत्येक वेळी नवा कागद. सगळे एकदम का सांगत नाहीत?

सातपूर
आशाताई, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, हेही सांगत जा. मी सहा महिने तशीच घेतली.

धागा सुरू करणारी
सांगेन, ताई. सूज, डोकेदुखी, अंधारी यांची चित्रं कार्डावर असतात. आता बोट ठेवून दाखवते. दिंडोरी-निफाडच्या आशा कोणी वाचत असाल तर लिहा : मळ्यावर आलेली, यादीत नाव नसलेली बाई तुम्ही कुठं नोंदवता?