मदत हवी आहे: रंकाळा-कळंब्याच्या पक्ष्यांसाठी ब्रिज कॅमेरा कोणता घ्यावा? आणि पूर्ण झूमला फोटो मऊ (पुसट) का येतात?

कळंबाकाठ:
नमस्कार मंडळी. ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) घ्यायचा आहे. बजेट साठ हजारांच्या आसपास, चांगला वापरलेला मिळाला तरी चालेल. मुख्य वापर कोल्हापूरच्या रंकाळा आणि कळंबा तलावावरच्या पक्ष्यांसाठी: हळदीकुंकू बदक, वारकरी, शेकाट्या, खंड्या. वर्षातून दोन-तीनदा राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य. अधूनमधून चंद्र. लेन्स बदलत बसायची नाही, मानेचा त्रास असल्याने वजन किलोभराच्या वर नको.

यादीत निकॉन पी950, निकॉन पी1000, कॅनन एसएक्स70 आणि पॅनासॉनिक एफझेड82डी आहेत. दोन दिवस पी950 भाड्याने आणून बघितला. दोन फोटोंची माहिती देतो:

1. रंकाळा, सकाळी साडेअकरा, ऊन, 2000 मिमी (पूर्ण झूम), शटर 1/640 सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100. पक्षी पाण्यापलीकडे, अंतर दीडशे मीटर तरी असेल. कडा विरघळल्यासारख्या.
2. कळंबा, संध्याकाळी सव्वासहा, 2000 मिमी, 1/60, आयएसओ 800. सगळंच पुसट.

कॅमेऱ्यात दोष आहे का? की झूम कमी पडतोय म्हणून पी1000 घ्यावा?

जुना_शटर:
दोष कॅमेऱ्यात नाही, आणि पी1000 ने यातला एकही फोटो सुधारला नसता. दोन्ही फोटो बिघडण्याची कारणं वेगळी आहेत.

पहिल्या फोटोत 1/640 आहे, म्हणजे हात हलल्याचा संशय कमी. तिथे हवा बिघडली आहे. ऊन चढलं की दगडी कठडा, रस्ता, पाण्याकाठची कोरडी माती तापते, वर जाणारी गरम हवा आणि थंड हवा एकमेकींत मिसळतात आणि प्रकाश वाकत राहतो. डोळ्याला हे जाणवत नाही, 2000 मिमीला मात्र स्पष्ट दिसतं. झूम वाढवला की ही लहर पण तेवढीच मोठी होते. उपाय एकच, मधली हवा कमी करायची: अंतर तीस-चाळीस मीटरवर आणा आणि साडेआठच्या आत काम उरका. ढगाळ दिवस असेल तर वेळ थोडी वाढते.

दुसऱ्या फोटोत उजेडच संपला होता. 2000 मिमीला 1/60 म्हणजे स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) कितीही चांगलं असलं तरी हातात धरून भरवसा नाही, आणि पक्ष्याची मान हलली तर स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही.

पुढच्या वेळी फोटो मोठा करून असं ओळखा. पाण्यावरचे चमकणारे ठिपके एकाच दिशेने ओढले गेले असतील तर हात हलला. फांदी स्पष्ट आणि पक्षी पुसट असेल तर पक्षी हलला. पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं गवत स्पष्ट असेल तर फोकस चुकला. कडा लाटांसारख्या वाकड्या आणि लागोपाठच्या दहा फोटोंत प्रत्येकात वेगळ्या असतील तर हवा. आणि पिसं जलरंगात लिंपल्यासारखी दिसत असतील तर आयएसओ वर गेलाय आणि कॅमेऱ्याने नॉइज (फोटोतले रवे) पुसताना बारकावेही पुसलेत. पाच रोग, पाच औषधं. नवीन कॅमेरा यातल्या एकावरही पहिलं औषध नाही.

पाणवठा:
जुना_शटर यांच्याशी सहमत. थोडा हिशेब जोडतो, म्हणजे निवड सोपी होईल.

पी950 चं 2000 मिमी हे फुल फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) तुलनेतलं माप आहे. सेन्सर 1/2.3 इंची, म्हणजे नखाएवढा, त्यामुळे लेन्सची खरी फोकल लेंग्थ साधारण 357 मिमी. एफ/6.5 (अॅपर्चरचा आकडा; लहान आकडा म्हणजे जास्त उजेड) म्हणून 6.5 ने भागलं की प्रकाश आत येण्याचं तोंड 55 मिमी. आता तुलनेला यादीबाहेरचा सोनी आरएक्स10 मार्क 4 घ्या: 1 इंची सेन्सर, तुलनेत 600 मिमी, प्रत्यक्षात 220, एफ/4. त्याचंही तोंड 55 मिमी! म्हणजे पक्ष्याकडून येणारा प्रकाश दोघं सारखाच गोळा करतात. फरक तो प्रकाश किती मोठ्या चित्रावर पसरतो याचा. सोनीचा फोटो 2000 मिमीएवढा कापला तर 20 मेगापिक्सेलमधले जेमतेम 1.8 उरतात. पी950 तेवढ्याच चौकटीत 16 देतो, पण ते सगळे खरे बारकावे नसतात, कारण 55 मिमी तोंडाला प्रकाश-विवर्तनाची (तोंडातून जाताना प्रकाश पसरून बारकावे मऊ होण्याची) हद्द आहे. म्हणून पी950 चा पूर्ण झूमचा फोटो लांबी-रुंदीला निम्मा करून मग पारखा. शंभर टक्क्यांवर बघून नाराज होऊ नका.

यातूनच आणखी एक गोष्ट: पूर्ण झूमला अॅपर्चर एफ/8 करून फोटो जास्त धारदार होईल ही समजूत इथे चालत नाही. इतक्या लहान सेन्सरवर तो आणखी मऊ होतो. उघडंच ठेवा.

तुमच्या यादीबद्दल माझं मत:

पी950: 24 ते 2000 मिमी, सुमारे 1005 ग्रॅम, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळतं, स्क्रीन फिरतो. उघड्या तलावासाठी हाच. पी1000 चं 3000 मिमी एफ/8 वर जातं आणि वजन 1415 ग्रॅम, मानेसाठी सरळ नको. पी1100 हा त्याचाच 2025 चा सुधारित अवतार, यूएसबी-सी आलं, वजनाची गोष्ट तीच. एसएक्स70: 21 ते 1365 मिमी, फक्त 610 ग्रॅमच्या आसपास, रॉ आहे. रोज फिरायला जाताना गळ्यात राहील असा हाच. एफझेड82डी: 20 ते 1200 मिमी, स्वस्त, पण स्क्रीन फिरत नाही, त्यामुळे पाण्यालगत खाली बसून पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढताना अडचण होते.

राधानगरीकर:
दाजीपूरचा विचार करताय म्हणून मध्येच बोलतो. तिथे झूम कमी पडत नाही, उजेड कमी पडतो. दाट झाडीखाली सकाळी आठलासुद्धा एफ/6.5 वर 1/500 मिळवायला आयएसओ 3200 च्या वर जावं लागतं, आणि 1/2.3 इंची सेन्सरवर त्या फोटोत काही राहत नाही. जंगल मुख्य असेल तर वापरलेला आरएक्स10 मार्क 4 शोधा. त्याचा फोकस फेज-डिटेक्ट (हलत्या वस्तूवर पटकन बसणारा) आहे, उडता धनेश पकडतो, सेकंदाला 24 फोटो काढतो. 600 मिमीवर 72 सेंटीमीटरवरचं फुलपाखरूही येतं. वजन मात्र 1095 ग्रॅम.

पण वर्षातून दोन-तीनदाच जाणार असाल तर त्यासाठी तलावाचा झूम सोडू नका. दाजीपुरात पी950 चा झूम 800 ते 1000 मिमीपर्यंतच ठेवा. पूर्ण झूमच्या मानाने अॅपर्चर थोडं उघडं राहतं आणि हाताची थरथरही निम्म्यावर येते. गवा काही खंड्याएवढा नाही, त्याला एवढा झूम पुरून उरतो.

गाडीतून काढणार असाल तर इंजिन बंद, एसी बंद, आणि काच पूर्ण खाली. एसी चालू ठेवून काच उघडली की खिडकीतच गरम-थंड हवा मिसळते आणि लेन्ससमोरच लहर तयार होते. तापलेल्या बॉनेटवरून तर काढूच नका. काचेवर ठेवायला कापडी पिशवी शिवून घ्या आणि त्यात दीड किलो तांदूळ भरा. गच्च भरू नका, दोन तृतीयांश भरली की कॅमेरा त्यात नीट बसतो.

कळंबाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. पी950 कडे कल आहे. दोन अडचणी: पूर्ण झूमला पक्षी चौकटीत सापडतच नाही, आणि सापडला तर फोकस पुढच्या काडीवर जातो. सेटिंग कुणी सविस्तर सांगाल का?

जुना_शटर:
आधी मेन्यूत जाऊन डिजिटल झूम बंद करा. तो चालू असला की 2000 च्या पुढे कॅमेरा फक्त फोटो कापून फुगवतो, आणि घाईत ते लक्षात येत नाही.

डायल एस वर (शटर आपण ठरवायचं), शटर बसलेल्या पक्ष्याला 1/500, उडत्याला 1/1000 किंवा जास्त. आयएसओ ऑटो, वरची हद्द 800. फोकस क्षेत्र मधोमध आणि सगळ्यात लहान. नॉइज रिडक्शन कमी. एक्स्पोजर (फोटो किती उजळ) मात्र पक्ष्यावर ठरवा: उन्हातल्या बगळ्याला -0.7, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा डाग होतो, आणि आकाशासमोरच्या पाणकावळ्याला +1.

पक्षी शोधण्याबद्दल. 2000 मिमीला आडवी चौकट फक्त एक अंशाची असते, त्यात आंधळेपणाने शोधणं अशक्यच. आधी 200-300 मिमीवर पक्षी मध्यभागी आणा, तिथे शटर अर्धं दाबून फोकस घ्या, मग थांबत थांबत झूम वाढवा. हरवला तर लेन्सच्या बाजूचं स्नॅप-बॅक बटण दाबून धरा: दृश्य रुंद होतं, पक्षी मध्यभागी आणून बटण सोडलं की झूम परत जागेवर येतो. हे बटण बोटाला आंधळेपणी सापडायला हवं, घरी गॅलरीतून समोरच्या टाकीवर सराव करा. स्क्रीनवर बघत काढू नका. व्ह्यूफाइंडर भुवईला टेकला आणि कोपरं बरगड्यांना लागली की थरथर खूप उतरते.

काडीवर फोकस जातो तेव्हा तेवढ्याच अंतरावरच्या मोकळ्या वस्तूवर, एखाद्या दगडावर किंवा ओंडक्यावर, फोकस घ्या, अर्धं दाबून धरा, परत पक्ष्यावर या. त्यानेही जमलं नाही तर मॅन्युअल फोकस आणि पीकिंग (स्पष्ट कडा रंगाने दाखवणारी सोय). आणि हे लक्षात असू द्या की पूर्ण झूमला सुमारे 5 मीटरच्या आतलं काही फोकसच होत नाही. झुडपातला जवळचा शिंजीर पुसट येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. थोडा झूम मागे घ्या.

सेकंदाला 7 ने साधारण 10 फोटो निघतात, मग कार्डवर लिहिताना कॅमेरा अडकतो. खंड्या सूर मारायच्या आधीच बटण दाबून बसलात तर नेमक्या क्षणी हात बांधलेले. तीन-चारच्या झटक्यांत काढा. कार्ड व्ही30 (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं, 64 जीबी पुरे. बॅटरी एका चार्जला 290 फोटोंच्या आसपास जाते, दुसरी घ्याच.

पाणवठा:
रंकाळ्यावर चौपाटीच्या बाजूने सकाळी काढा, सूर्य पाठीशी राहतो. संध्याकाळी तिथेच तो समोर येतो, मग फक्त छायाकृती. लोकांची ये-जा असेल तेव्हा कठड्याला ट्रायपॉड टेकवू नका, पावलांचा हादरा 2000 मिमीला दिसतो.

वापरलेला घेताना या गोष्टी तिथेच तपासा. झूम पूर्ण बाहेर-आत पाचदा करा, आवाज खरखरीत आला किंवा मध्ये अडखळला तर सोडा. समोरच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून चारही कोपरे बघा, एकच कोपरा पुसट असेल तर आतलं भिंग सरकलंय. पांढऱ्या आकाशाचा फोटो सगळ्यात लहान अॅपर्चरवर काढा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते, धूळ त्याच वाटेने जाते, आणि या कॅमेऱ्यांत ती घरी साफ करता येत नाही, पूर्ण उघडावा लागतो. शेवटी मोबाईलचा टॉर्च तिरपा मारून आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही खरी भीती. नवीन घेताना जीएसटीचं बिल आणि कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीचं कार्ड मागा. परदेशातून परस्पर आणलेल्या मालाला फक्त दुकानदाराची वॉरंटी असते.

जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या किंवा स्पंजच्या बॅगेत ठेवू नका, ओल धरून ठेवते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत आर्द्रतामापक आणि 200 ग्रॅम सिलिका जेल, काटा 40 ते 50 टक्क्यांत. निळं जेल गुलाबी झालं की तापवून परत वापरता येतं, पण त्यात कोबाल्टचा क्षार असतो, स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका. नारिंगी जेल घेतलेलं बरं. पी950 पावसासाठी बंदिस्त नाही, भुरभुर सुरू झाली की पिशवीत.

लेन्सवर स्वस्त यूव्ही फिल्टर असेल तर तोही काढा. 2000 मिमीला साधी काच लगेच नडते.

कळंबाकाठ:
पी950 नक्की. शेवटचा प्रश्न: चंद्राचा फोटो म्हणजे नुसता पांढरा गोळा येतो.

राधानगरीकर:
काळं आकाश बघून कॅमेरा फसतो. डायलवर चंद्राचा मोड आहे, सुरुवात त्यावर करा. स्वतः करायचं तर एम मोड (सगळं आपणच ठरवायचं), आयएसओ 100, एफ/6.5, पौर्णिमेला 1/250. अष्टमीच्या चंद्राला 1/60 पासून चढत जा, कारण तिरप्या उजेडात पृष्ठभाग बराच मंद असतो. पण विवरांच्या सावल्या अष्टमीलाच लांब पडतात, पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, सेल्फ टायमर 2 सेकंद. चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सुमारे दोन मिनिटांत सरकतो, म्हणून तो ज्या बाजूला जातोय तिकडे जागा सोडून चौकट लावा आणि दहा-बारा फोटो काढा. डोक्यावर आल्यावर काढा. क्षितिजाजवळ तुमच्या रंकाळ्याच्या पहिल्या फोटोसारखीच हवा मध्ये येते.