जुन्या नाट्यगृहात दिवाळी ते नाताळ: कार्यक्रम कोणते ठेवावेत?

गोदाकाठचा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. नोकरीमुळे मी गेली वीस वर्षे नाशिकमध्ये राहत असलो, तरी माझे मूळ गाव जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण आहे. तेथे बाजारपेठेच्या मागे लोकवर्गणीतून बांधलेले एक जुने नाट्यगृह आहे. खाली तीनशेच्या आसपास खुर्च्या, वर तिन्ही बाजूंनी लाकडी सज्जा, माथ्यावर मंगलोरी कौले आणि रंगमंचाच्या कमानीवर रंग उडालेले दोन मोर. आजोबांच्या पिढीने येथे फिरत्या मंडळ्यांची संगीत नाटके पाहिली. आमच्या पिढीने लग्नाचे स्वागतसमारंभ, प्रचारसभा आणि साड्यांचे सेल पाहिले. यंदा पावसाळ्यापूर्वी विश्वस्तांनी कौले उतरवून कुजलेले वासे बदलले आणि आता दिवाळीपासून नाताळापर्यंत येथे पुन्हा कार्यक्रम व्हावेत, अशी गावाची इच्छा आहे. मी शहरात राहतो, एवढ्या एकाच पात्रतेवर आखणीचे काम माझ्याकडे आले आहे.

हाताशी दोन लाख रुपये आहेत. काही विश्वस्तांचे म्हणणे असे की, मालिकेतला एखादा चेहरा आणून पाडव्याला मोठा ऑर्केस्ट्रा ठेवावा; परंतु चौकशी केल्यावर मानधन, ध्वनियंत्रणा आणि मंडळींची राहण्याची सोय यांत एका रात्रीत सगळी रक्कम संपते असे दिसले. मला त्याऐवजी चार-पाच लहान कार्यक्रम हवे आहेत. ते कोणते असावेत, तिकीट लावावे की प्रवेश मोफत ठेवावा आणि पाडव्याच्या पहाटेचा कार्यक्रम येथे करता येईल का, याबद्दल जाणकारांनी सांगावे. जाता जाता आणखी एक गोष्ट: सामानाच्या खोलीत पडद्यांच्या गुंडाळ्यांखाली एक जुनी पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवून वाजवायची हार्मोनियम, सापडली आहे. तिचे काही करता येईल का?

तिसरी घंटा

आपण पैशांचा हिशेब सविस्तर दिलात आणि लाकडी सज्जाचा उल्लेख मात्र ओझरता केलात. माझ्या मते आपली आखणी त्या सज्जापासून सुरू व्हायला हवी. ध्वनिक्षेपक नसताना नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, या गरजेतून असली नाट्यगृहे बांधली जात. एका संध्याकाळी सगळी यंत्रे बंद ठेवा, रंगमंचाच्या मध्यावर उभे राहून नेहमीच्या आवाजात चार ओळी म्हणा आणि कोणाला तरी सज्जाच्या टोकाच्या बाकावर बसवून ऐकायला सांगा. ही परीक्षा शंभरएक माणसे बसवून घ्या, कारण रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि माणसे बसली की त्यांचे कपडे आणि शरीरे तो घुमारा शोषून घेतात. शब्द स्वच्छ पोहोचत असतील, तर माइकविना गायन, माइकविना नाट्यवाचन हेच आपल्या हंगामाचे वैशिष्ट्य करा. ऑर्केस्ट्रा कोणत्याही मंगल कार्यालयात होतो.

पहाटेच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या आत वापरायला सूट आहे. पण कौलारू छपराचे आणि दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेले नाट्यगृह कितपत बंदिस्त, यावर शेजारी वाद घालू शकतात आणि त्यांना दोषही देता येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका उपनगरातील मैदानावर आम्ही पहाटे साडेपाचला कार्यक्रम सुरू केला होता. गायिकेने भूपाळी धरली आणि पावणेसहाला हवालदार व्यासपीठाशी येऊन उभे राहिले. माइक बंद झाला. पुढची पंधरा मिनिटे त्या बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या, प्रेक्षक घड्याळ पाहत राहिले आणि सहाच्या ठोक्याला त्यांनी पुन्हा सुरुवात केली तेव्हा पहिली बैठक मोडली होती ती मोडलीच. परवानगीचा कागद मीच आणला होता आणि त्यावरची वेळ मीच वाचली नव्हती, त्यामुळे अजूनही कोणी तो प्रसंग काढला की मी चहा आणायला उठतो.

नाशिकच्या नेहरू चौकात पिंपळपारावर पाडव्याच्या पहाटे जी गर्दी होते, तिची नक्कल मात्र करू नका. ती रंगत त्या पाराची, चौकाची आणि जुन्या वाड्यांमधून थेट उठून येणाऱ्या माणसांची आहे. आपल्याकडे तीनशे खुर्च्या आहेत. तीनशे माणसांना शोभेल अशीच पहाट करा.

दुसरी सूचना खर्चाची आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी होते आणि नाशिक केंद्राचे प्रयोग अनेक वर्षे परशुराम साईखेडकर नाट्यगृहात होत आले आहेत. दोन-दोन महिने तालमी करून संघ एकच प्रयोग करतात आणि दुसऱ्या दिवशी नेपथ्य टेम्पोत भरून कोणाच्या तरी गच्चीवर नेऊन टाकतात. फेरीपूर्वीच दोन संघांशी बोलून ठेवा. टेम्पोचे भाडे, जेवण आणि थोडे मानधन दिलेत, तर बसलेले नाटक आपल्या दारात येईल. फेरी संपल्यावर फोन केलात, तर तोवर दारे-खिडक्या मोडून फळ्या वेगळ्या झालेल्या असतील.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिनही याच हंगामात येतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत केलेल्या ‘सीता स्वयंवर’च्या प्रयोगाची ती आठवण आहे. त्या दिवशी भाषणे ठेवू नका. गावातल्या शाळेच्या मुलांना पडद्यामागे नेऊन विंगा, पडद्याच्या दोऱ्या आणि रंगपटाची खोली दाखवा.

दप्तरी

वरील सूचना उत्तम आहेत; त्यांच्या मागे लागणारी कागदपत्रे सांगतो. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे, प्रमाणपत्र लागते. स्पर्धेतले नाटक आणणार असाल, तर संघाकडून त्याची प्रत आधीच मागून घ्या. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये आणि ‘संगीत शारदा’चे लेखक गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, म्हणून त्यांची नाटके व पदे सर्वांना खुली आहेत. आपल्या नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचे निधन १९९९ मधले आहे, म्हणून त्यांच्या नाटकांसाठी २०५९ अखेरपर्यंत हक्कधारकांची परवानगी लागेल. हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. परंतु दारावर ‘ऐच्छिक देणगी’ची पेटी ठेवून मागे पाससाठी आग्रह धरायचा, हा आपल्याकडचा लाडका मार्ग त्या सवलतीत बसतो असे समजू नये.

नाटक व संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. जुलैचे दिले आहे का, हे विश्वस्तांना विचारा. पणत्या अंगणात आणि पायऱ्यांवरच लावा. लाकडी सज्जाच्या कठड्यावर पणत्यांची रांग छायाचित्रात फार सुंदर दिसते आणि म्हणूनच कोणी तरी ती लावायला निघेल.

गोदाकाठचा

मनःपूर्वक आभार. विश्वस्तांपैकी एका काकांची सूचना अशी आहे की, २१ डिसेंबरला जॅक्सन-वधाचा प्रसंग रंगमंचावर उभा करावा, बंदुकीच्या आवाजासह. त्याबद्दल आपणा सर्वांचे काय मत आहे?

पंचवटीकर

२१ डिसेंबर १९०९ ची ती रात्र नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहातली आहे. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता आणि तेथे अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. हा इतिहास नाशिकच्या एका विशिष्ट वास्तूचा आहे. तो दुसऱ्या गावच्या रंगमंचावर फटाका वाजवून उभा केला, तर प्रेक्षक दचकतील, दोन लहान मुले रडतील आणि बाकी काही उरणार नाही. काकांचे मन मोडायचे नसेल, तर त्या संध्याकाळी ‘शारदा’तील पदे ठेवा आणि मध्ये कोणी तरी पंधरा मिनिटे, कागद न वाचता, त्या रात्रीची हकीकत सांगावी. जरठ-कुमारी विवाहावरचे देवलांचे हे नाटक १८९९ चे. पैशासाठी मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी ठरवणारा बाप त्यात आहे, त्यामुळे पदांमध्ये आजही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एक खुलासा वक्त्याने अवश्य करावा. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात आणि त्याचे नाव या नाटकावरून पडले असे समजतात. प्रत्यक्षात ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले.

सज्जातली

आपण सगळ्यांनी रंगमंचाचा विचार केलात. मी प्रेक्षकांच्या बाजूने लिहिते. माझे माहेर निफाडकडचे. आमच्या गावच्या अशाच एका नाट्यगृहात बायकांनी सज्जात बसायचे, हा रिवाज होता आणि वर जाणारा जिना इतका अरुंद व काळोखा होता की, माझी आत्या नाटकापेक्षा उतरण्याची चिंता जास्त करी. शिवाय मध्यंतरात बायकांसाठी स्वच्छतागृह नसल्यामुळे ती दुपारपासून पाणीच पीत नसे. दोन लाखांतले पहिले पंधरा-वीस हजार जिन्यातला दिवा, कठडा आणि स्वच्छतागृह यांवर खर्च करावेत, मग मानधनाचे बोलावे.

तारखा ठरवताना पाडव्यापेक्षा भाऊबीजेची संध्याकाळ धरा. त्या दिवशी लेकी माहेरी आलेल्या असतात आणि रात्रीच्या जेवणाआधीचे दोन तास कोणालाच काही काम नसते. डिसेंबरातल्या कार्यक्रमांसाठी मात्र, त्या आठवड्यात शेतीपंपांची वीज दिवसा आहे की रात्री, हे विचारल्याशिवाय तारीख छापू नका. रात्रपाळीची वीज असेल, तर कांद्याला पाणी द्यायला गेलेला माणूस नाटकाला येणार नाही, मग नाटक कितीही चांगले असो.

तिकीट अवश्य लावा, पन्नास रुपयांचे का होईना. फुकट कार्यक्रमात पुढच्या चार रांगा ‘पाहुण्यांसाठी’ अडवल्या जातात, पाहुणे सत्काराचा नारळ घेऊन निघून जातात आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत कलाकार गात राहतो. तिकिटावर आसनक्रमांक असला की, कोणालाही उठवायला तोंड मिळते. येथे ‘दप्तरी’ यांचा इशारा लक्षात घ्यावा: तिकीट लावलेत की सवलत गेली, म्हणून त्या दिवशी जुनी, खुली झालेली पदेच निवडा किंवा रीतसर परवानगी घ्या.

नाताळाच्या आठवड्यासाठी बाहेरून सांताक्लॉज आणण्याची गरज नाही. नाशिकला शरणपूरसारखी जुनी ख्रिस्ती वस्ती आहे आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) मराठीत लिहिलेली भजने व अभंग आहेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे माहेर जलालपूर तर नाशिकजवळचेच. टाळ-मृदंगावर ख्रिस्तजन्माचे भजन आपल्या गावाने कदाचित कधी ऐकले नसेल. शेजारच्या चर्चमधील मंडळींना सन्मानाने बोलावलेत, तर ते आनंदाने येतील.

डिमरवाला

एकच तांत्रिक मुद्दा. हौशी संघ जुने हजार वॅटचे ‘पार’ (PAR) दिवे, म्हणजे रंगमंचावर झोत टाकणारे डब्यासारखे दिवे, घेऊन येतात. असा एक दिवा सुमारे ४.३५ अँपिअर घेतो. वीस लावले की ८७ अँपिअर झाले. पंखे आणि दोन ट्यूबलाइटसाठी ओढलेल्या तारांवर हा भार टाकू नका. एलईडी दिवे भाड्याने आणा किंवा प्रकाशयोजनेसाठी मीटरपासून वेगळी तार आणि वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारी कळ) घ्या. काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्या. मंडपवाल्याचा मुलगा कितीही हुशार असला तरी.

भाता

पायपेटीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. सर्वप्रथम तिला तेल घालू नका आणि पायाने जोरात भाता मारून पाहू नका. बहुतेक वेळा उंदरांनी भात्याचे कापड किंवा चामड्याच्या कडा कुरतडलेल्या असतात. जोर केला की उरलेले शिवणही उसवते. मागची फळी उघडा, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा आणि सुरांच्या पितळी पट्ट्या मोजून घ्या. एखादी पट्टी मुकी असेल, तर तिच्या जिभेखाली कचऱ्याचा कण अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. ती वाकवू नये, हलकेच झटकावी. भाता नव्याने बसवणे हे हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या अनुभवी कारागिराचे काम आहे आणि दिवाळीपूर्वी त्याच्याकडे रांग असते. शेवटचे म्हणजे, जुन्या पेटीचा स्वर आजच्या वाद्यांच्या प्रमाण मापाशी (सेकंदाला ४४० कंपने) जुळेलच असे नाही. बासरी सोबत ठेवू नका; तबला पेटीवर लावून घ्या आणि गाणाऱ्याला आठ दिवस आधी पेटीशेजारी बसवा.

गोदाकाठचा

रविवारी गावी जाऊन आलो. पायपेटीची मागची फळी उघडली, तेव्हा आत उंदराचे घरटे निघाले आणि ते एका जुन्या नाटकाच्या हस्तपत्रिकेच्या चिंध्यांचे होते. ‘रात्रौ ठीक’ एवढेच शब्द वाचता आले. मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या मुक्या आहेत, भाता डाव्या बाजूला फाटला आहे आणि कारागिराने दसऱ्यानंतर बारा दिवसांची मुदत मागितली आहे. आवाजाची परीक्षाही घेतली. गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि मी सज्जाच्या टोकाला बसलो. शब्द पोहोचले, फक्त उजव्या कोपऱ्यात पंख्याची घरघर आड आली. पहाटे पंखे लागणार नाहीत. पाडव्याला बाई, भाऊबीजेला ‘शारदा’तील पदे आणि तिकीट पन्नास रुपये, असे ठरत आहे; २१ डिसेंबरला काकांनी हकीकत सांगायचे कबूल केले आहे, बंदुकीविना. डिसेंबरच्या नाटकासाठी दोन संघांचे क्रमांक मिळाले आहेत. ऑर्केस्ट्रा होणार नाही, हे विश्वस्तांना सांगायचे तेवढे अजून राहिले आहे.