मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या नॉरफोकचे पास्टन घराणे, क्लेमंटच्या मागची पिढी

न्यायाधीश विल्यम पास्टन (1378–1444) आणि त्याचे वडील क्लेमंट (मृत्यू 1419) इथपर्यंत वंशावळ पक्की आहे. त्यामागे दोन परस्परविरोधी कथा उरतात. 1466 मध्ये चौथ्या एडवर्डने या घराण्याला जुने, खानदानी कुळ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी घराण्याने मांडलेल्या दाव्यात मूळपुरुष वुल्स्टन आहे. विरोधकांच्या टिपणात मात्र क्लेमंट साधा शेतकरी: फार तर 100-120 एकर जमीन, त्यातली बरीचशी गिमिंगहॅम हॉल या जहागिरीची बांधील (म्हणजे जहागीरदाराच्या सेवेच्या अटीवर कसायची), आणि एक लहानशी पाणचक्की. मला हे टिपण जास्त विश्वासार्ह वाटते. एकर आणि मालक इतके नेमके सांगणारा खोटेपणा सहज पकडला गेला असता. वुल्स्टनपासूनची वंशावळ मात्र कज्जा जिंकण्यासाठी सादर झाली होती.

मृत्यूनंतरच्या सरकारी चौकशीचे कागद इथे निरुपयोगी, कारण ती मुख्यतः थेट राजाकडून जमीन धरणाऱ्यांची होई. बांधील जमिनीचा वारस जहागिरीच्या न्यायसभेत नोंदवला जाई, त्यामुळे गिमिंगहॅमच्या न्यायसभेच्या नोंदींच्या गुंडाळ्याच पाहायला हव्यात. ही जहागीर लँकेस्टरच्या डचीची, म्हणजे राजघराण्याशी जोडलेल्या मोठ्या सरंजामाची. डचीच्या न्यायसभांच्या गुंडाळ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डीएल 30 या मालिकेत आहेत.

तर विचारायचे असे:

1419 पूर्वीच्या गिमिंगहॅमच्या गुंडाळ्या कुणी पाहिल्या आहेत का? कोणती वर्षे शिल्लक आहेत? क्लेमंटने जमीन ताब्यात घेतल्याची नोंद सापडली, तर 'अमुकचा मुलगा' एवढे दोन शब्दही पुरतील.

उतारा देताना राजवर्ष (राजाच्या राज्यारोहणापासून मोजलेले वर्ष) मूळ रूपातच द्या. तिसऱ्या एडवर्डचे वर्ष 25 जानेवारीला सुरू होते, म्हणून त्याचे 50वे वर्ष जानेवारी 1377 पर्यंत जाते. परस्पर 1376 लिहिले की पिढ्यांचा हिशोब चुकतो. लॅटिन संक्षेपही न फोडता पाठवा.