दादाच्या दशक्रियेला बोलायला सांगितलंय, पण आमचं बोलणं बंद होतं. काय बोलू?

कुकडीकाठची

नमस्कार. मी इथे नेहमी फक्त वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय. माझा मोठा भाऊ मागच्या आठवड्यात गेला. पहाटे छातीत दुखायला लागलं, नारायणगावला नेईपर्यंत संपलं होतं सगळं. वय 47. रविवारी सकाळी घाटावर दशक्रिया आहे आणि पुतण्याचा काल फोन आला, आत्या तू बोल, बाकीचे सगळे पप्पांबद्दल पेपरात छापल्यासारखं बोलतील. पोरगं बारावीला आहे, त्याला नाही कसं म्हणू.

अडचण अशी की वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. त्यानंतर हक्कसोड करून दे म्हणून विषय निघाला, मी म्हटलं विचार करते, तर दादाला त्याचा राग आला. भांडण असं नाही झालं, आरडाओरडा तर नाहीच, फक्त फोन बंद. राखी मी पोस्टाने पाठवायचे, ती बांधली की नाही ते कळायचं नाही. भाऊबीजेला आई एकटीच माझ्याकडे यायची आणि त्याचा विषय काढायची नाही. आख्ख्या भावकीला हे माहितीये. आता मी तिथे माईक धरून उभी राहिले तर खालचे लोक काय म्हणतील हे मला बसल्या जागी ऐकू येतंय.

आणि दुसरी भीती लिहायलाही कसंतरी वाटतंय, पण लिहिते. कावळा लवकर शिवला नाही तर सगळे माझ्याकडे बघणार. आमच्याकडे असंच होतं, मग एकेक जण पुढे होऊन सांगतो की पोरांचं शिक्षण करू, म्हातारीला बघू, आणि शेवटी कुणीतरी म्हणणार तायडे तू सांग सही करते म्हणून, मग शिवेल बघ.

बायका आमच्या घाटावर फारशा बोलत नाहीत हे वेगळंच. बोलू का, आणि बोलले तर काय बोलू?

---

सूत्रसंचालक_आंबेगाव

ताई, आधी सांत्वन. मी आमच्या भागात दशक्रियेचं सूत्रसंचालन करतो, आवड म्हणून, पैसे घेत नाही, त्यामुळे असले प्रसंग भरपूर बघितलेत. बोला. बायका बोलत नाहीत हे आता राहिलं नाही, आमच्याकडे लेकी बोलतात, सुना बोलतात, परवा एका आजोबांच्या दशक्रियेला नातीने बोलून सगळा घाट रडवला.

आता कामाचं सांगतो. साडेसातच्या आसपास महाराजांचं प्रवचन सुरू होतं, तिकडे खाली विधी चालू असतो, पिंड ठेवले की निम्मं पब्लिक कावळ्याकडे बघत असतं. प्रवचन संपलं की श्रद्धांजली. पहिला सोसायटीचा चेअरमन, मग पतसंस्था, मग माजी सरपंच, आजी सरपंच, आमदार साहेबांचा निरोप घेऊन आलेला कार्यकर्ता, आणि प्रत्येकजण मनमिळाऊ, अजातशत्रू, न भरून येणारी पोकळी. मी तर डोळे मिटून सांगतो पुढचा शब्द कोणता येणार ते. ऊन चढायला लागलं की लोक टोपी टॉवेल देऊन गाडीकडे निघतात. तुमचं नाव या यादीच्या शेवटी टाकलं तर तुम्ही रिकाम्या खुर्च्यांशी बोलाल. म्हणून सूत्रसंचालकाला आजच गाठा आणि सांगा, घरच्यांपैकी एकटीच बोलणार आहे, प्रवचन झाल्या झाल्या पहिलं नाव माझं घ्या.

दोन मिनिटं, फार तर तीन. आणि माईक तोंडापासून चार बोटं लांब धरा, जवळ धरला की हुंदका भोंग्यातून गावभर जातो.

---

रोखठोक_मावशी

हे सगळं ठीक आहे पण मला कावळ्याचं बोलायचंय. ताई, घाटावर एका सकाळी चार चार घरांचे पिंड असतात, पहिल्या दोघांचा भात खाऊन कावळे पिंपळावर गप बसलेले असतात, त्यात तुमच्या सातबाऱ्याचा काय संबंध? थोडा वेळ बघतात, नाहीच आला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि विधी पुढे जातो. हे शास्त्रात बसतं, कुणाची इच्छा राहिली म्हणून काही अडत नाही. कुणी सही कर म्हणालं तर फक्त म्हणा, आज दादाचा दिवस आहे, तो विषय नंतर घरात बसून. एवढंच. वाद घालू नका.

आणि त्या दिवशी घरात कुणी कागद पुढे केला तर हात लावू नका, नोटरीच्या कागदावर हक्क सुटत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्रच लागतं, त्यामुळे घाई कुणालाच नाही. द्यायचंच असेल तर उद्या वहिनीला आणि पोराला बघून स्वतःच्या मनाने द्या. 2005 च्या कायद्याने मुलीला बरोबरीचा वाटा दिला, पण माहेर टिकवायचं तर तो सोड असं आपल्याकडे अजून सर्रास सांगतात, ते कुठल्या कायद्यात लिहिलंय मला दाखवा.

भाषणाबद्दल मला काही कळत नाही. मी माझ्या बहिणीच्या वेळी बोललेच नव्हते.

---

कुकडीकाठची

मावशी, सूत्रसंचालक दादा, दोघांचेही आभार. नंबर मिळालाय, आज फोन करते. पण काय बोलायचं ते अजून सुचत नाहीये. चांगला होता असं म्हटलं तर भावकी हसेल, आणि चांगला नव्हता असं तर मुळीच नाही. मी कॉलेजला असताना आमच्याकडे बिबट्याचा लई सुळसुळाट होता, ऊसच ऊस सगळीकडे, माणसांवर हल्ले व्हायचे. माझी एसटी अंधार पडल्यावर फाट्यावर यायची आणि दादा तिथे उभा असायचा, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात गोडेतेलाचा रिकामा डबा, तो काठीने बडवत बडवत आम्ही घरापर्यंत यायचो. वाटेत बोलायचा नाही. बोललो तर डब्याचा आवाज थांबायचा ना. पुढे टोमॅटो करायला लागला तेव्हा क्रेटचा हिशोब डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहायचा, वही दिली तरी तळहातावरच, आणि जेवताना वहिनी ओरडायची की आकडे पोटात जातील. हे असलं काय घाटावर सांगणार?

---

इंद्रायणीचा_वाळवंटी

ताई हेच सांगायचं. आमच्या घरात तीन पिढ्यांचं कीर्तन आहे, मी स्वतः करत नाही, पण ऐकत मोठा झालोय. दशक्रियेच्या प्रवचनात महाराज हमखास आळंदीच्या समाधीवर येतात, बघा रविवारी येतातच की नाही. 1296 ला माऊलींनी समाधी घेतली आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच सोपानकाका सासवडला, मुक्ताई तापीकाठी, म्हणजे तिन्ही धाकटी भावंडं थोरल्या निवृत्तीनाथांच्या डोळ्यांदेखत गेली, मग ते त्र्यंबकेश्वरी. महाराज लोक यातून देह नाशवंत वगैरे काढतात आणि ते बरोबरच आहे. पण नामदेवरायांनी समाधीचे अभंग लिहिलेत त्यात निवृत्तीनाथ नाशवंत बिशवंत काही बोलत नाहीत. ते म्हणतात की आईबाप सोडून गेले तेव्हासुद्धा असं संकट वाटलं नव्हतं. गुरू होते ते, धाकट्या भावाला त्यांनीच ज्ञान दिलेलं, तरी. आईबाप जाणार हे आपण धरून चाललेलो असतो, भावंडाचं तसं धरलेलं नसतं.

म्हणून तत्त्वज्ञान महाराजांवर सोडा, ते त्यांचं काम आहे. तुम्ही डबा सांगा. तिथे बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याने त्या काळात डबा बडवलेला असणार, कुणी हसणार नाही.

---

लेस्टरवासी

मी मूळची साताऱ्याची, इकडे इंग्लंडमध्ये धाकट्या बहिणीच्या फ्युनरलला बोलले होते. इकडे क्रेमेटोरियमचा स्लॉट असतो, अर्धा पाऊण तासात मंत्र, गाणं, भाषण सगळं उरकून बाहेर, पुढचं कुटुंब दारात उभं. त्या वेळेच्या धाकानेच मला लिहून काढायला लागलं आणि आता वाटतं तेच बरं झालं. पाठ करू नका. कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडा कारण डोळ्यात पाणी आलं की बारीक अक्षर दिसत नाही. एक कॉपी दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, म्हणजे तुमचा आवाज बसला तर तो पुढचं वाचेल. माझ्या वेळी माझ्या मुलाने शेवटच्या चार ओळी वाचल्या, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अबोल्याबद्दल एक. माझंही बहिणीशी मध्ये बिनसलेलं होतं, कारण सांगत नाही. मी तिथे सगळ्यांदेखत माफी वगैरे मागितली नाही, ते आमचं दोघींचं होतं, लोकांसमोर मांडायचं नव्हतं. पण लपवलंही नाही. एवढंच म्हटलं की शेवटच्या काळात आम्ही फार बोललो नाही, त्याआधीचं मात्र बरंच काही माझ्याजवळ आहे, त्यातलं एक सांगते. त्यानंतर कुजबुज करणाऱ्यांना कुजबुजायला काही उरत नाही, तुम्हीच सांगून टाकलेलं असतं.

---

कुकडीकाठची

लेस्टरवाल्या ताई, ते वाक्य मी घेते हं, चालेल ना? थोडं आमच्याकडचं करून.

सकाळी वहिनीकडे बसले होते. राखीचं विचारायचं धाडस झालं नाही, तिनेच सांगितलं, म्हणे पाकीट आलं की बाहेर सोप्यात बसून फोडायचे, बांधायचे, आणि मला सांगायचे तिला कळवू नको. मी काही बोलले नाही. हे घाटावर सांगणार नाही, हे माझ्यापुरतंच. डबा सांगते आणि तळहात सांगते. दुसरी कॉपी पुतण्याकडे.

सूत्रसंचालकांना फोन झाला. ते म्हणाले ताई प्रवचनानंतर पहिलं नाव चेअरमन साहेबांचं ठरलंय, त्यांना पुढे लग्नाला जायचंय.

---

सूत्रसंचालक_आंबेगाव

मग चेअरमनला प्रवचनाच्या आधीच बोलू द्या म्हणावं, लग्नाला आणखी लवकर पोचतील. असं मी दोनदा केलंय, माणसं उलट खूश होतात. पुन्हा फोन लावा आणि पुतण्याला बोलायला द्या, मुलगा म्हणाला तर नाही म्हणत नाहीत.

---

रोखठोक_मावशी

आणि टोपी घालून जा ग, ऊन लागतं त्या घाटावर. पाणी जवळ ठेव.