तुरुंगातल्या बागकामाने खरंच फरक पडतो का?

रानजाई: मामेभाऊ सहा वर्षं आत आहे, आता खुल्या कारागृहात शेतीकामाला लावलंय. परवा फोनवर पहिल्यांदाच स्वतःहून बोलला, तेही वांग्यांवर पडलेल्या किडीबद्दल, मामी रडायलाच लागली. याने खरंच माणूस सावरतो का, की आम्हीच उगाच आशा लावून बसलोय?

माणदेशी: उगाच नाही ताई. आमच्याकडे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, स्वातंत्र्याआधी औंध संस्थानाने वसवलेली कैद्यांची वसाहत, तिथे जन्मठेपेचे कैदी बायकापोरांसोबत राहून शेती करतात. पोरं बापाला रोज रानात राबताना बघतात, भेटीच्या जाळीआडून नाही. मला तर हेच सगळ्यात मोठं औषध वाटतं.

परदेशी_पाहुणा: कॅलिफोर्नियात सॅन क्वेंटिन तुरुंगात २००२ पासून इनसाइट गार्डन प्रोग्राम चालू झाला, तिथे नुसती झाडं लावत नाहीत, गोल बसून मनातलं बोलतातही. रोपाची रोज काळजी घ्यावी लागते ना, ती सवय हळूहळू माणसांपर्यंत पोचते. मामींना सांगा, भेटीत केसचा विषय नको, वांग्यांचंच विचारा.

रानजाई: सांगते. मामी म्हणतेय निंबोळी अर्क मारायला सांग त्याला.